नेम आणि नेमधर्म

मराठीत ‘नेम’ हा शब्द दोन निराळ्या व्यवहारांत चालतो. शिकारी नेम धरतो, आणि चातुर्मासात आमच्या घरातील वडीलधाऱ्या बायकाही नेम धरीत असत. पहिला नेम दुसऱ्या जिवाच्या देहावर रोखलेला असतो, दुसरा स्वतःच्या वर्तनावर. या दोन अर्थांची सांगड घालण्याचा विचार इतक्या वर्षांच्या अध्यापनात आमच्या मनास कधी शिवला नव्हता. तो प्रसंग गेल्या हिवाळ्यात आला, आणि तोही एका क्षुल्लक वाटणाऱ्या खरेदीच्या निमित्ताने. ती हकीकत व तीतून निघालेला विचार वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी, आता चाळिशीच्या घरात आलेला, एका रविवारी शिवडीस आमच्या घरी आला. लालबाग-परळच्या पुष्कळ कुटुंबांप्रमाणे त्याच्याही कुटुंबाचे एक पाऊल मुंबईत आणि दुसरे कोकणात. आजा गिरणीत साच्यावर होता. रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यात भाताचे चार कुणगे व माडांची लहानशी वाडी त्याचे थोरले काका आजही सांभाळतात. उंदीर माडावर चढून कोवळ्या नारळांस भोके पाडतात. घुशी बांध पोखरतात आणि भर पावसात बांध फुटला म्हणजे कुणग्यातील पाणी वाहून जाते. काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे. कोकणात अशा बंदुका पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पिकांच्या रक्षणार्थ तसल्या बंदुकीच्या परवान्याची खास तरतूदही आहे. परंतु उंदरावर ठासणीची बंदूक झाडणे म्हणजे माशी हाकलण्यास मुसळ उचलणे होय. म्हणून पुतण्याने छऱ्याची हवाई बंदूक घेऊन दिली होती, आणि तीवर बसविण्यासाठी दोन दुर्बिणी एका स्नेह्याकडून पाहण्यापुरत्या आणल्या होत्या.

पिशवीतून त्या काढून आमच्या टेबलावर ठेवीत तो म्हणाला, “सर, काचा दोन्हींच्या चांगल्या आहेत. अडतंय ते आतल्या फुलीवर. एकीची फुली जाड, एकीची बारीक. तुम्ही आम्हांला नीतिशास्त्र शिकवलंत, आता तुम्हीच सांगा, उंदराला कोणती बरी?”

तो थट्टेनेच बोलला. आम्हीही हसलो, आणि मग दोघेही उठून दुर्बिणी घेऊन शिवडीच्या धक्क्यावर गेलो. बंदूक अर्थातच गावी होती.

ज्यांनी ही जागा पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगावयाचे तर, इंग्रजांनी १६८० साली टेहळणीसाठी बांधलेला शिवडीचा किल्ला टेकडीवर आहे. त्याच्या पायथ्याशी गोदामे व धक्का. आणि ओहोटीच्या वेळी धक्क्यापुढे दूरवर चिखलाचा पसारा उघडा पडतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात व त्यांस पाहावयास दुर्बिणी घेतलेली माणसे जमतात, त्यामुळे आम्हां दोघांकडे कोणी वळूनही पाहिले नाही. भरती ओसरू लागली होती. २०२४ साली खुला झालेल्या अटल सेतूच्या खांबांच्या अलीकडे गुलाबी रांग उभी होती. रोहित हा मोठा पक्षी. त्याला कोणतीही फुली चालते. परंतु त्याच्या पायांजवळ चिखलात चोच खुपसत एक तुतवार फिरत होता. जाड फुलीच्या दुर्बिणीतून पाहिले तेव्हा फुली त्याच्यावर आणली की तुतवार नाहीसा होई. दोन काळ्या रेघा एकमेकींस छेदताना दिसत, आणि त्यांच्याखाली तो असणार असे मानून चालावे लागे. बारीक फुलीतून त्याची चोच दिसे, छातीचा पांढरा भाग दिसे, पाऊल उचलून तो थबकला तेही दिसे. मात्र तोच पक्षी पुढे खारफुटीच्या काळसर सावलीत शिरला तेव्हा उलट झाले. पक्षी दिसत राहिला, रेघ हरवली.

फुलीच्या निवडीचा सारा प्रश्न यात आला. जिला रेटिकल म्हणतात त्या या फुलीच्या नावाचा मूळ लॅटिन अर्थ ‘लहानसे जाळे’ असा आहे. आणि जाळे जितके दाट तितके त्यातून पलीकडचे कमी दिसावयाचे हे ओघानेच आले. जाणते लोक रेघेची जाडी कोनाने मोजतात. जी रेघ एक सहस्रांश रेडियन जाड आहे ती शंभर मीटरांवर दहा सेंटिमीटर आणि पंचवीस मीटरांवर अडीच सेंटिमीटर जागा झाकते. उंदराचे मस्तक त्याहून फारसे मोठे नसते. शिवाय काही दुर्बिणींत प्रतिमा मोठी केली की रेघही तिजबरोबर फुगते, म्हणजे झाकलेला भाग कधीच कमी होत नाही. इतर काहींत रेघ होती तेवढीच राहते, त्यामुळे प्रतिमा वाढवावी तसे लक्ष्य अधिक मोकळे होते. मात्र अंतराच्या खुणा मग एकाच वर्धनावर खऱ्या ठरतात. अमेरिकेत गवताळ माळावरील प्रेअरी डॉग नावाच्या लहान प्राण्यावर शेकडो मीटरांवरून गोळी घालणाऱ्यांनी या विषयाचे एक शास्त्रच केले आहे. असल्या प्राण्यांस ते ‘व्हार्मिंट’ म्हणतात. हा ‘व्हर्मिन’चा अपभ्रंश, आणि त्याच्या मुळाशी किडा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे.

येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ही फुली जन्मली ती कोणास मारण्यासाठी नव्हे. १६४० च्या सुमारास विल्यम गॅस्कॉइन या इंग्रज ज्योतिषाभ्यासकाच्या दुर्बिणीत एका कोळ्याने धागा ताणला, आणि तो धागा दूरच्या वस्तूइतकाच स्पष्ट दिसतो हे त्याच्या ध्यानात आले. त्यावरून ताऱ्यांची स्थाने मोजण्याची युक्ती निघाली. पुढे कित्येक वर्षे मोजणीच्या यंत्रांत कोळ्याचाच धागा वापरीत, कारण त्याहून बारीक व बळकट दुसरे काही मिळत नसे. तारा हा प्रकाशाचा एक बिंदू. जाड तार त्यास झाकून टाकील, मग मोजावयाचे काय? ज्याने मोजावयाचे त्याने मोजावयाच्या वस्तूस झाकता कामा नये, हा पहिला धडा त्या कोळ्याने दिला. निशाणबाजीच्या खेळातही तोच धडा आहे. दहा मीटरांच्या रायफल स्पर्धेत दुर्बिणीस मनाई असते. नळीच्या टोकाशी एक कडे असते व त्यातून काळे वर्तुळ पाहावयाचे. हे कडे वर्तुळास घट्ट बसेल असे घेत नाहीत. काळ्याभोवती पांढऱ्याची एकसारखी कोर उरेल एवढे मोठे घेतात. लक्ष्याभोवती प्रकाश राखला तरच नेम खरा, असा त्याचा अर्थ.

कोणी म्हणेल की, आपल्याकडे आदर्श तर याच्या उलट सांगितला आहे. द्रोणाचार्यांनी झाडावर पक्षी ठेवून शिष्यांस विचारले तेव्हा इतरांस झाड दिसले, गुरू दिसले, भाऊ दिसले. अर्जुनास केवळ पक्ष्याचे मस्तक दिसले. लोकांच्या तोंडी त्याचा डोळा झाला आहे. ही कथा आम्हीही वर्गात एकाग्रतेचा दृष्टांत म्हणून शेकडो वेळा सांगितली आहे. पण तो पक्षी खरा नव्हता, कारागिरांकडून करवून झाडावर ठेवलेला होता, ही गोष्ट आदिपर्वात स्पष्ट असून सांगताना आम्ही गाळीत आलो. कृत्रिम पक्ष्याच्या बाबतीत मस्तकापलीकडे पाहण्याजोगे काही नसते. खऱ्या पक्ष्याची कथा रामायणाच्या आरंभी आहे. निषादाचा नेम काही चुकला नव्हता; क्रौंचाच्या जोडीतील ज्या पक्ष्यावर त्याने बाण सोडला तो पक्षी पडला. त्याने जे पाहिले नाही ते शेजारी होते. वाल्मीकीने तेवढेच अधिक पाहिले. धनुर्विद्येच्या परीक्षेत अर्जुनाची दृष्टी पुरेशी होते. जिवंत प्राण्यापुढे ती अपुरी पडते.

आता उंदीर म्हणजे क्रौंच नव्हे, असा आक्षेप येईल, आणि तो योग्यच आहे. आम्ही ज्या भागात राहतो तेथे तरी उंदराविषयी कोमल बोलण्याचा कोणास अधिकार नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. शिवडीशेजारच्या परळ येथे, जुन्या गव्हर्नमेंट हाउसात, हाफकिन यांची लस तयार करण्याची प्रयोगशाळा १८९९ साली आली. उंदरावरील पिसू हा रोग पसरविते हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले. आजही महानगरपालिकेचे मूषकसंहारक रात्रपाळीत हातात काठी व विजेरी घेऊन गल्ल्यांतून फिरतात. पावसाळ्यात लेप्टोच्या तापाने कोणी दगावले की त्यांच्या कामाची शहरास आठवण होते. शेतकऱ्याची बाजूही तितकीच खरी आहे. वनपर्वातील धर्मव्याध ब्राह्मणास हेच सुनावतो की, नांगर चालला की जमिनीतील असंख्य जीव मरतात, आणि तरी जग शेतीस चांगली म्हणते. १९२६ साली अहमदाबादेस एका गिरणीमालकाने सुमारे साठ भटकी कुत्री मारविली तेव्हा प्रत्यक्ष गांधीजींनी त्याची बाजू घेतली व त्यावरून मोठे वादळ उठले. तेव्हा जो नारळ खातो त्याने नारळ राखणाऱ्या काकांस दयेचे प्रवचन देऊ नये. मारावे की न मारावे हा आमच्यापुढील प्रश्नच नाही. मारणे प्राप्त झाले असता मारणाऱ्याने काय पाहिले पाहिजे, एवढाच प्रश्न आहे.

या दृष्टीने पाहता आमच्या मते जाड फुली फक्त दुर्बिणीतच असते असे नाही. ती शब्दांतही असते, आणि ‘उपद्रवी’ हा शब्द तशा जाड फुल्यांपैकी एक आहे. हा शब्द एखाद्या प्राण्यावर ठेवला की प्राणी त्याखाली नाहीसा होतो. मग पानांत हललेले ते उंदीर होते की खार, घूस होती की मांजराचे पिलू, हे पाहण्याची गरज उरत नाही. त्याच्या मागे गोठा आहे की शेजाऱ्याचे अंगण, याचेही भान सुटते. कायद्याचाच इतिहास पाहावा. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमास एक पाचवी अनुसूची होती. तीत कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर असे प्राणी कायमचे उपद्रवी म्हणून नोंदलेले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकली व १ एप्रिल २०२३ पासून तो बदल अमलात आला. एखाद्या जातीस उपद्रवी ठरविण्याचा केंद्र सरकारचा अधिकार राहिला आहे, परंतु तो अमुक प्रदेशापुरता व अमुक मुदतीपुरता वापरावयाचा. म्हणजे जातीच्या कपाळावर कायमची ओढलेली जाड रेघ पुसली गेली आणि तिच्या जागी स्थळकाळाची बारीक रेघ उरली. हा फरक लहान नव्हे.

शब्दांची जाड फुली प्राण्यांवरच थांबती तरी एक वेळ चालले असते. प्लेगच्या त्या दिवसांत रोगाविरुद्धची मोहीम माणसांच्या घरांपर्यंत आली. मुंबईतील कित्येक खोल्यांवर त्या मनुष्यवस्तीस अयोग्य असल्याची अक्षरे रंगविली गेली. अक्षरे खोटी होती असे नाही. त्या खोल्यांत उजेड नव्हता, वारा नव्हता. पण त्या रंगविलेल्या अक्षरांआड जे कुटुंब भाडे भरून राहत होते ते रंगविणाऱ्यास किती दिसले असेल?

दुसऱ्याकडे बोट दाखविण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पंचवीसएक वर्षांपूर्वी, अध्यापनाच्या आरंभीच्या काळात, एका महाविद्यालयाच्या शिस्त समितीवर आमची नेमणूक झाली होती. एक मुलगा सकाळच्या तासांस झोपे, उठविले की उलट बोले, आणि एकदा रागाच्या भरात त्याने बाक मोडले. त्याच्या नावापुढे ‘उपद्रवी’ हा शेरा आधीच पडलेला होता. तो समितीपुढे उभा राहिला तेव्हा आम्ही कागद पाहिला, मुलास पाहिले नाही. त्याचे नाव कमी करण्याच्या ठरावावर आमची सही आहे. वर्षभराने कळले की, वडिलांची गिरणी बंद पडल्यापासून तो रात्रभर गोदामांत हमाली करून थेट वर्गात येत असे. त्याने बाक मोडले होते हे खरेच आहे, आणि काही शिक्षा त्याला कदाचित करावीच लागली असती. परंतु आम्ही जी केली ती शेऱ्यास केली. भोगावी लागली त्या मुलास. धक्क्यावर जाड फुलीखाली तुतवार नाहीसा झाला तेव्हा आम्हांस आठवण झाली ती त्याची.

तर मग बारीक फुली घ्यावी, आणि प्रकरण मिटले, असे म्हणावे काय? तसेही म्हणता येत नाही. खारफुटीच्या सावलीत बारीक रेघ हरवली होती हे आम्ही वर सांगितलेच आहे, आणि उंदीर बाहेर पडतात ते तिन्हीसांजेस. अति बारीक विचार करणाऱ्याचे हेच होते. प्रत्येक बाजू पाहता पाहता अंधार पडतो, त्याला स्वतःचाच नियम दिसेनासा होतो, आणि उंदीर नारळ खाऊन जातो. हा दोष आम्हां पंतोजींच्या जातीत विशेष आढळतो. न मारल्याचे पुण्य आपण घेतो आणि नुकसान काकांच्या पदरी टाकतो. याला दया म्हणणे आम्हांस कठीण वाटते.

या अडचणीवर कारागिरांनी फार पूर्वीच एक तोड काढली आहे. ल्युपोल्ड या अमेरिकन कारखान्याने १९६२ साली ती आणली व आता ती सर्वत्र रूढ आहे. तीत चारही रेघा कडेकडून जाड येतात आणि मध्याजवळ एकदम बारीक होतात. अंधूक उजेडात जाड भाग डोळ्यास मध्याकडे घेऊन जातो, आणि जेथे प्रत्यक्ष लक्ष्य असते तेथे बारीक रेघ त्यास मोकळे ठेवते. आम्हांस यात नीतिशास्त्राचा एक जुना वाद मिटलेला दिसतो. नियम कठोर असावेत की लवचिक, यावर आम्ही वर्गात तासन्‌तास घालविले आहेत. उत्तर असे दिसते की, ते कडेस जाड असावेत आणि माणसाजवळ बारीक व्हावेत. पीक राखले पाहिजे, रोग आवरला पाहिजे, वर्गात शिस्त पाहिजे, ही तत्त्वे ठसठशीतच हवीत; अंधारात तीच वाट दाखवितात. परंतु तत्त्व जेथे एखाद्या जिवावर येऊन टेकते, त्या शेवटच्या तिळाएवढ्या जागी, ते इतके बारीक झाले पाहिजे की त्याखालचा जीव पुरता दिसावा.

आणखी एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्याने विचारली होती. काही फुल्यांच्या उभ्या रेघेवर अंतराच्या अनेक खुणा असतात. छरा जसजसा दूर जातो तसतसा खाली येतो, म्हणून दूरच्या लक्ष्यास खालची खूण लावावयाची. “खुणा जास्त तेवढी दुर्बीण चांगली ना, सर?” आमचे मत उलट पडले. खूण सांगते ती छरा कोठे पोहोचेल एवढेच. पोहोचल्यावर त्यात जीव घेण्याइतके बळ उरले आहे की नाही, हे ती सांगत नाही. हवाई बंदुकीचा छरा थोड्याच अंतरात हतबल होतो, आणि मग उंदीर मरत नाही, जखमी होऊन बिळात कुजत पडतो. ज्या अंतरावर आपले शस्त्र काम पुरे करू शकत नाही, त्या अंतराच्या खुणा डोळ्यांपुढे असणे हा एक मोह आहे. अधिकारपदांवरील माणसांसही असल्या खुणा मिळतात. हात फार लांबवर पोहोचतो, आणि पोहोचल्यावर काय झाले हे पाहण्याइतकी दृष्टी पोहोचत नाही.

शेवटी त्याने कडेस जाड व मध्यास बारीक अशी, थोड्या खुणांची दुर्बीण घेतली. चैत्रात त्याचा फोन आला. दुर्बीण ठीक चालली आहे, पण काका तक्रार करतात, असे तो म्हणाला. पूर्वी पाने हलली की ते चाप ओढीत. आता दिसते म्हणून पाहत बसतात. एकदा खार निघाली, दोनदा काही ओळखू येण्याआधीच अंधार पडला आणि बंदूक तशीच खाली ठेवावी लागली. “सरांना सांग,” म्हणून काकांनी निरोप दिला होता, “यंदा सतरा नारळ कमी उतरले.”

त्या सतरा नारळांची भरपाई करणे आम्हांस साधणारे नाही, आणि ते काहीच नव्हेत असे म्हणण्याचा उद्धटपणाही आम्ही करणार नाही. नेम धरणाऱ्यास नेमधर्म पाळावयाचा असेल तर त्याची किंमत काही नारळ ही असते, आणि ती बहुधा ज्याची वाडी त्यासच द्यावी लागते. आम्ही ती देण्यास सांगितले. निदान ती कोणी दिली हे तरी विसरू नये. आमच्या सहीखालून जो मुलगा गेला त्याचे पुढे काय झाले हे आम्हांस ठाऊक नाही. पण ओहोटीच्या वेळी धक्क्यावर गेलो म्हणजे रोहितांच्या गुलाबी रांगेपेक्षा त्यांच्या पायांशी फिरणाऱ्या तुतवारांकडेच आमचे लक्ष अधिक जाते.